कच्ची वही, पक्की वही

2025 साली रमजान ईद आली ती नेमकी 31 मार्चला. सकाळी ईदगाहवर नमाज झाली, गळाभेटी सुरू झाल्या आणि तिसऱ्या की चौथ्या गळाभेटीत कानाशी प्रश्न आला, "वकीलसाहेब, ईद मुबारक. आजच्या तारखेचं आपलं काही राहिलं तर नाही ना?" आम्ही वकील नाही. पण भंडाऱ्यासारख्या गावात जो कराचे कागद भरून देतो त्याला सगळे वकीलसाहेबच म्हणतात. चाळीस वर्षांत हे नाव दुरुस्त करण्याचा नाद आम्ही सोडून दिला आहे.

त्या दिवशी शिरखुर्म्याची वाटी शेजारी ठेवून आम्ही संगणकासमोर बसलो तेव्हा घरात हशा पिकला. आम्हाला मात्र हसू आले नाही. हिजरी वर्ष दर साल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. त्यामुळे ईद आणि आर्थिक वर्षाची अखेर अशी एकत्र यायला तीसेक वर्षे जावी लागतात. त्या दिवशी दोन हिशेब एकदम मिटत होते. एक अल्लाहला द्यायचा, दुसरा सरकारला द्यायचा. दोन्ही हिशेब एकाच दुकानाचे असूनही बहुतेक वेळा जुळत नाहीत, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? दोन्ही आमच्याच हातचे असतात.

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की तरावीहनंतर आमच्या ओसरीवर मंडळी जमतात. "जकात किती निघते, जरा पाहून द्या." प्रत्येकाच्या काखेत कच्ची वही असते. लांबट, कोपरे दुमडलेली, पहिल्या पानावर 786 लिहिलेली. त्या वहीत सगळे असते. गल्ल्यातली रोकड, माळ्यावरचा माल, लाखनी-साकोलीकडची उधारी, बायकोच्या अंगावरचे सोने. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी मालमत्ता वर्षभर राहिली तर तिच्यावर अडीच टक्के. देणे वजा, येणे जमा. या बैठकीत कोणी काही लपवत नाही. उलट म्हणतात, "थोडं वरच धरा, कमी पडायला नको." येणार की बुडणार याची खात्री नसलेली उधारीही काही जण धरायला लावतात.

जुलै लागला की तीच माणसे त्याच ओसरीवर येतात. आता काखेत पक्की वही. कोरी, नीट, कडा न दुमडलेली. आवाज खालच्या पट्टीत. "यंदा धंदाच नव्हता, साहेब. जमेल तेवढं कमीत बसवा." आणि आम्ही बसवत आलो.

मराठीत जकात म्हटले की डोळ्यांपुढे नाका उभा राहतो. रस्त्यावर आडवा बांबू, थांबलेला ट्रक, पावती फाडणारा कारकून. शब्द मूळचा आपलाच, अरबी. इबादतीचा शब्द फिरत फिरत नगरपालिकेच्या नाक्यावर जाऊन बसला. ते नाकेही आता गेले. नगरपालिकांची जकात विसाव्या शतकाच्या शेवटी उठली, मुंबईत ती 2017 पर्यंत टिकली. पण या एका शब्दाचे दोन अर्थ आमच्या व्यापाऱ्यांच्या मनात फार खोल रुजले आहेत. घरातली जकात चुकवणे म्हणजे गुन्हा आणि नाक्यावरची जकात चुकवणे म्हणजे हुशारी.

हिशेबाची भाषा तशी आमच्या घरातलीच. जमा, खर्च, बाकी, रक्कम, वसूल, नफा, कर्ज, हे शब्द मराठीने अरबी-फारसीतून घेतले आणि इतके आपले केले की कोणाला त्यांचे मूळ आठवत नाही. रोजकीर्दही तशीच. अब्बा एका बिडी कारखान्यात मुनीम होते. संध्याकाळी रोजकीर्द मिटवल्याशिवाय ते चहाला हात लावत नसत. चार आण्यांचा फरक राहिला तर रात्री दहापर्यंत बसत. आम्ही बी.कॉम. होऊन 1985 च्या सुमारास विक्रीकराच्या कामाला लागलो तेव्हा अब्बांनी एवढेच विचारले होते, "फरक राहिला तर शोधशील ना?" आम्ही हो म्हणालो होतो. या धंद्यात फरक शोधावा लागत नाही, तो ठेवावा लागतो, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हते.

तेव्हा 1959 चा मुंबई विक्रीकर कायदा होता. भंडारा आणि गोंदिया हा एकच जिल्हा होता, गोंदिया 1999 साली वेगळा झाला. आमचे पक्षकार म्हणजे या जिल्ह्याचा नकाशाच. तेंदूपत्त्याचे ठेकेदार, बिडीचे सट्टेदार, तुमसरकडचे धानाचे व्यापारी, मोहाडीकडचे कोशाच्या कापडाचे व्यापारी, वरठीच्या पोलाद कारखान्याच्या आसऱ्याने उभे राहिलेले भंगारवाले, आणि अर्थात पितळवाले. भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात ते उगाच नाही. आमच्या लहानपणी काही गल्ल्यांत दिवसभर हातोड्यांचा आवाज असायचा. व्यापारी पितळ द्यायचा, कारागीर भांडी ठोकून वजनावर मजुरी घ्यायचा. लग्नात पितळेच्या गुंडाशिवाय आंदण पुरे होत नसे. मग स्टील आले आणि हातोडे थंडावत गेले.

1 एप्रिल 2005 रोजी व्हॅट आला आणि 1 जुलै 2017 रोजी जीएसटी. या दोन्ही कायद्यांचा गाभा एकच. मागच्याने कर भरल्याचे पक्के बिल असेल तर पुढच्याला त्याची वजावट मिळते. म्हणजे प्रत्येक बिल साखळीची एक कडी. मधला एक जण बिनबिलाचा झाला की त्याच्या पुढच्याची वजावट जाते, आणि पुढचा माणूस हळूहळू दुसरा दुकानदार शोधतो. जीएसटीत तर हे सगळे संगणकावर दिसते. पूर्वी कच्च्या वहीवर पिढ्या निघायच्या, आता तेच दुकान दोन वर्षांत आक्रसते.

व्यापारी लपवतो का, याचेही उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. सगळे लोभी नसतात. शेजारचा बिनबिलाचा माल स्वस्त विकत असेल तर बिल फाडणारा मार खातो. नोटीस आली की हातपाय गार पडतात, मग वाटते की नजरेतच येऊ नये. नियम सतत बदलतात. 2017 साली बिडीवर 28 टक्के आणि तेंदूपत्त्यावर 18 टक्के कर लागला तेव्हा आमच्या ओसरीवर पिढ्यानपिढ्या या धंद्यात असलेली माणसे डोक्याला हात लावून बसली होती. आणि आपल्या समाजात एक जास्तीची भावना असते, की सरकारदरबारी आपले नाव जितके कमी येईल तितके बरे. ही भावना कुठून आली ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

पण लपण्याची किंमत कोण चुकवतो, ते आम्हाला एका माणसाने शिकवले. म्हणजे त्याच्या मरणाने शिकवले.

ते भांड्यांचे व्यापारी होते. वयाने आमच्याहून लहान, तरी आम्ही त्यांना भाईच म्हणायचो. त्यांचे वडील गावोगाव फिरून कल्हई करायचे. कथील, नवसागर, भाता आणि खांद्यावर झोळी. मुलाने त्याच ओळखींवर भांड्यांचे दुकान टाकले आणि चालवून दाखवले. खरे उत्पन्न वर्षाला 4 लाखांच्या आसपास. ते आम्हाला पैशापर्यंत माहीत होते, कारण दर रमजानला त्यांची कच्ची वही आम्हीच सोडवायचो. 2010-11 या वर्षी 1 लाख 60 हजारांपर्यंत आयकर नव्हता. आम्ही त्यांचे उत्पन्न 1 लाख 52 हजार दाखवले. तो आकडा त्यांनी सांगितला नव्हता. त्यांनी फक्त विचारले होते, "किती दाखवलं म्हणजे त्रास नाही?" आकडा आम्ही दिला. 4 लाख दाखवले असते तर उपकरासह 24 हजार 720 रुपये कर लागला असता. तेवढे आम्ही त्यांचे वाचवले, आणि या हुशारीची फीही घेतली.

2011 सालचा रमजान ऑगस्टमध्ये होता. हिजरी 1432. त्या वर्षी त्यांच्या मालमत्तेचा हिशेब 14 लाखांवर गेला. जकात निघाली 35 हजार. त्यांनी कुरकुर न करता ती दिली, अर्धी नात्यातल्या विधवांना, अर्धी मदरशातल्या मुलांना. ईदनंतर तीन आठवड्यांनी नागपूरहून माल घेऊन परतताना मौद्याच्या अलीकडे एका ट्रकने त्यांच्या मोटारसायकलला धडक दिली. वय 44. घरी आई, बायको, तीन मुले.

मोटार अपघाताच्या दाव्यात भरपाई कशी मोजतात हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. आम्हालाही तेव्हा नीट माहीत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली सरला वर्मा खटल्यात पद्धत ठरवून दिली होती. मयताचे वर्षाचे उत्पन्न घ्यायचे, आयकर वजा करायचा. चार ते सहा माणसे अवलंबून असतील तर मयताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा कमी करायचा. उरलेल्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. 41 ते 45 वयाला तो आकडा 14. आणि उत्पन्नाचा पुरावा म्हणून सगळ्यात वजनदार कागद कोणता? मयताने स्वतः भरलेले आयकराचे विवरणपत्र.

वाचकांनी हे गणित आमच्याबरोबर करावे. 1 लाख 52 हजारांतून चौथा हिस्सा गेला, उरले 1 लाख 14 हजार. गुणिले 14. झाले 15 लाख 96 हजार. आता खरे उत्पन्न घ्या. 4 लाखांतून कर वजा जाता 3 लाख 75 हजार 280. चौथा हिस्सा काढला, 2 लाख 81 हजार 460. गुणिले 14. झाले 39 लाख 40 हजार 440. इतर किरकोळ रकमा दोन्हीकडे सारख्याच. फरक 23 लाख 44 हजारांचा. वर्षाला 24 हजार 720 रुपये वाचवण्यासाठी आम्ही एका घराचे 23 लाख 44 हजार रुपये घालवले होते.

भाभींच्या वकिलांना वाटले की हिशेब पाहणारा माणूस साक्षीला आणावा. तो सांगेल की खरे उत्पन्न जास्त होते. 2013 साली आम्ही शपथ घेऊन साक्षीला उभे राहिलो. विमा कंपनीच्या वकिलांनी विवरणपत्राची प्रत पुढे धरली.

"हे तुम्हीच तयार केलं?"

"हो."

"दुकानाच्या वह्या पाहून केलं?"

"हो."

"मग मयताचं उत्पन्न 1 लाख 52 हजार होतं, हे बरोबर?"

रात्रभर जागून आम्ही वेगळे उत्तर ठरवले होते. पण तिथे उभे राहिल्यावर एकेक गोष्ट डोळ्यांपुढे आली. खरे बोललो तर खोटे विवरणपत्र भरल्याची कबुली. मग इतर शंभर पक्षकारांच्या कागदांवर संशय. मग आमचा धंदा, आमची मुले, त्यांची शिक्षणे. हे सगळे दोन-तीन क्षणांत मोजून झाले. हिशेब करायची सवयच ना.

"बरोबर," आम्ही म्हणालो.

भाभी मागच्या बाकावर बसल्या होत्या. आम्ही खाली उतरताना त्यांच्याकडे पाहिले नाही. निकाल कागदाप्रमाणे लागला. त्यात न्यायाधिकरणाची काही चूक नव्हती. त्यांच्यापुढे जे ठेवले होते त्यावरच ते निर्णय देणार.

महिनाभराने भाभी मोठ्या मुलाला घेऊन ओसरीवर आल्या. मुलगा सोळा वर्षांचा. पदराखालून त्यांनी ती कच्ची वही काढली आणि शेवटचे लिहिलेले पान उघडून पुढे ठेवली. रमजान 1432. रोकड, माल, उधारी, सोने, वजा देणे. खाली दुहेरी रेघ आणि 35 हजार.

"भाईजान, हे अक्षर तुमचंच ना?"

आम्ही मान हलवली.

"ज्यानं अल्लाहला एक पैसा कमी सांगितला नाही, त्याचा धंदा कोर्टात एवढा लहान कसा झाला?"

आम्ही सांगितले की जकात मालमत्तेवर असते, न्यायालयाला उत्पन्न लागते, या वहीने उत्पन्न सिद्ध झाले नसते. हे खरेच होते. पण त्यांनी ते विचारलेच नव्हते. त्या थोडा वेळ बसल्या, पाणी प्यायल्या, वही पदरात गुंडाळली आणि गेल्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

पितळेच्या भांड्याला आतून कल्हई नसली की त्यात ठेवलेले ताक कळकते. बाहेरून भांडे लखलखत असते. आमच्या कामाचेही तसेच झाले होते. आमची पक्की वही बाहेरून इतकी स्वच्छ होती की कोणत्याही साहेबाने तपासावी, आणि आत ठेवलेले घराघरांचे भविष्य कळकत चालले होते. कारण कागद फक्त करासाठी नसतो. मुलाच्या शिक्षणाच्या कर्जाला बँक तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. दुकान रस्तारुंदीत गेले तर धंद्याचे नुकसान कागदानेच ठरते. सट्टेदाराने माल कमी दाखवला की बिड्या वळणाऱ्या बायांची नावेही यादीतून गळतात, आणि नावाबरोबर त्यांचा भविष्यनिर्वाह निधी जातो. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालाने दाखवून दिले की मुस्लिम समाजात स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, पण बँकांच्या कर्जातला वाटा लोकसंख्येच्या मानाने कमी आहे. याची कारणे अनेक, भेदभाव त्यात आहेच. पण आमच्या टेबलावरून आणखी एक दिसते. धंदा जिवंत असतो आणि कागदावर तो मेल्यासारखा पडलेला असतो. असे कागद तयार करणारे आम्हीच.

त्यानंतर आम्ही एका रात्रीत साधू झालो असे नाही. जुने पक्षकार तुटू नयेत म्हणून दोन-तीन वर्षे अर्धे इकडे अर्धे तिकडे केले. मग नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी झाली. कच्च्या वहीची रोकड पोत्यांतून बाहेर आली आणि "आता काय करू?" म्हणून माणसे रात्री-अपरात्री दार वाजवू लागली. तेव्हापासून आम्ही सरळ सांगू लागलो की दोन वह्या असतील तर आम्हाला दाखवू नका. काही गेले. रागावूनही गेले. "जमातीचा माणूस असून आपल्याच माणसाला मदत करत नाही," असेही कानावर आले.

जे राहिले त्यांना कायद्याच्या चौकटीत जी सवलत आहे ती शेवटच्या पैशापर्यंत घेऊन देतो. कर चुकवणे वेगळे, कायद्याने मिळेल तेवढा वाचवणे वेगळे. 2 कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला उलाढालीच्या 8 टक्के, आणि बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के नफा दाखवून मोकळे होण्याची सोय आहे. जीएसटीत दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला 1 टक्का कर भरून सुटण्याची योजना आहे. मात्र त्याने गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घ्यायचा नाही आणि पुढच्याला वजावटही मिळत नाही, हे आधीच समजावून सांगावे लागते. 18 जुलै 2022 पासून छापील पिशवीतल्या 25 किलोपर्यंतच्या तांदळावर 5 टक्के कर लागला. राइस मिलवाले विचारायला आले, तेव्हा 25 किलोच्या वरची पिशवी करा, असे सांगायला आम्हाला संकोच वाटला नाही. कायद्यानेच तो उंबरठा आखून दिला होता. आणि 2025 च्या अर्थसंकल्पानंतर नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर शून्य झाला. म्हणजे आमचे बहुतेक पक्षकार जे उत्पन्न लपवत आले, त्यावर आता करच नाही. तरी सवय जात नाही. लपवायला काही उरले नाही तरी माणूस आवाज खालीच ठेवतो.

सगळ्यात जास्त वाद होतो तो कर्ज-ए-हसनावर. व्याजाचे कर्ज नको म्हणून भावाकडून, साडूकडून रोख रक्कम घ्यायची. बिनव्याजी, बिनकागदी, जबानीवर. यात माया आहे, भरवसा आहे, आम्ही त्याची टिंगल करणार नाही. पण 20 हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेता येत नाही आणि घेतले तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हा नियम 1961 च्या आयकर कायद्यात होता. 1 एप्रिल 2026 पासून लागू होणाऱ्या 2025 च्या नव्या कायद्यानेही ती अट सोडलेली नाही. एका तरुण गॅरेजवाल्याने मामाकडून 3 लाख रोख आणले आणि अभिमानाने आम्हाला सांगितले. आम्ही म्हणालो, परत नेऊन दे, आणि बँकेतून घे. तो चिडला. "मामा-भाच्यात कागद? लोक काय म्हणतील, साहेब?"

तेव्हा आम्ही त्याला सूरह बकरहच्या 282 व्या आयतीची आठवण दिली. संपूर्ण कुरआनात सगळ्यात लांब आयत कोणती, असे विचारले तर लोकांना वाटते नमाजची असेल, रोजाची असेल. ती आहे उधारीच्या लिखापढीची. मुदतीचे देणेघेणे असेल तर ते लिहा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. आम्ही आलिम नाही, अर्थ सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण चाळीस वर्षे लिहिणाऱ्याचे काम केलेल्या माणसाला त्या आयतीत आपलीच जागा दिसते. तिथे लिहिणाऱ्यालाही ताकीद आहे. आम्ही ती आयत तरुणपणापासून वाचत होतो, आणि ती फक्त देणेकऱ्यांसाठी आहे असे समजत होतो.

गॅरेजवाल्याने शेवटी बँकेतून रक्कम घेतली. मामाने साध्या कागदावर दोन ओळी लिहिल्या, मशिदीतल्या दोघांनी सह्या केल्या. नाते तुटले नाही.

भाईंचा मोठा मुलगा आता अठ्ठावीस वर्षांचा आहे. दुकान तोच पाहतो. पितळेची भांडी आता शोभेसाठी आणि आरोग्याच्या चर्चेमुळे पुन्हा थोडी मागितली जातात, बाकी स्टील आणि कुकर. 2025 च्या त्या ईदच्या दिवशी दुपारी तो आला. त्याच्या हातात एकच वही होती. म्हणाला, "साहेब, यातूनच दोन्ही काढून द्या. जकात किती ते पण, आणि टॅक्स किती ते पण." आम्ही दोन्ही काढून दिले. एका पानावर, एकाच पेनाने. आकडे जुळले. अब्बा असते तर त्या दिवशी लवकर चहा प्यायले असते.

जाताना तो दारात थांबला. म्हणाला, "अब्बांची ती जुनी वही अजून घरी आहे. अम्मी फेकू देत नाही." आम्ही "हं" म्हणालो. त्याला साक्षीच्या दिवसाचे किती आठवते, किती कळले आहे, हे आम्ही कधी विचारले नाही. तो आमच्याकडेच का येतो, हेही विचारले नाही. गावात आता संगणकावर काम करणारी हुशार मुले पुष्कळ आहेत.

दर रमजानला वाटते, भाभींकडे जावे, ती वही मागून एकदा पाहावी आणि जे त्या दिवशी बोलायचे होते ते आता तरी बोलावे. तीन गल्ल्या ओलांडल्या की त्यांचे घर येते. अजून गेलेलो नाही. आमच्या सगळ्या खात्यांत हे एकच खाते आहे, ज्यात देणे किती ते पक्के माहीत आहे आणि ते अजून कुठे लिहिलेले नव्हते.